आडवा पंखा आणि लाल चावी

यंदा गेट टाकल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही, ती नाकालाच कळली. सकाळी ओसरीत चहा घेत बसलो होतो आणि नदीकडून वारा आला. त्यात बुडालेल्या गवताचा कच्चट वास होता. म्हटलं, पडली गेटं.

पाऊस सरत आला की आमच्या गोदावरीवरच्या बंधाऱ्याची लोखंडी दारं बंद करतात. त्याला आम्ही गेट टाकणं म्हणतो. मग पुढे निघालेलं पाणी थबकतं आणि मागं मागं फुगत येतं. पूर येतो तेव्हा सारं गाव काठावर गोळा होतं. हे पाणी मात्र चोरपावलांनी येतं. काल ज्या दगडावर बायका गोधड्या आपटत होत्या, तो आज गुडघाभर पाण्यात असतो. बेशरमीची झुडपं कमरेपर्यंत बुडतात आणि त्यांची फिकट जांभळी फुलं पाण्याला टेकतात. शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते, तिची धूळ उडून पाण्यावर सायीसारखी बसते. दुपारी पाठ भाजते आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी ओढून घ्यावी लागते. या दिवसांना धड नाव नाही. पावसाळा म्हणवत नाही, हिवाळा म्हणायला घाई होते. माझ्यापुरतं मी एक नाव ठेवलंय. मी त्यांना रऊफच्या बोटांचे दिवस म्हणतो.

चहा संपायच्या आत कांचनताईंचा फोन आला.

"सर, पाणी पायरीला लागलं बघा. खंडेनवमी परवावर आली. आडव्या पंख्याचं बघाया कधी येता?"

"उद्याच येतो."

"रऊफभाईला तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर तसाच बसून राहिलो. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत मी रऊफला चार शब्द बोललो होतो आणि त्या चार शब्दांपायी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतरही त्यानं माझ्यासोबत चहा घेतला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला, दर ईदला शीरखुर्म्याचा डबा न चुकता पाठवला. सगळं पहिल्यासारखं दिलं. फक्त मशीनजवळ उभं राहून माझा शब्द पुन्हा कधी घेतला नाही. मला तेवढंच परत हवं होतं.

*

कुंभार पिंपळगावहून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, अगदी काठाला, कांचनताईंचं शेत आहे. बाई हिकमती. कोवळी ज्वारी भाजायच्या दिवसांत त्यांच्याकडे जालन्याहून, संभाजीनगरहून गाड्या भरून माणसं हुरडा खायला येतात. खाटेवर मांडी घालून, चटणीत बोटं बुडवून, पोटभर खातात. आणि पोट भरलं की एकमेकांना विचारतात, आता काय? या आता काय-वर उत्तर म्हणून कांचनताईंनी कोकणातल्या कुठल्याशा खाडीवरून एक जुनी सहलीची बोट विकत आणली. आठ माणसं बसतील एवढी, पांढरी, कडेनं निळा पट्टा.

ती आली ट्रकवर बसून. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला ट्रक चहाला थांबला तर भोवती हीऽ गर्दी. कुणी विचारलं, कुठं चालली नाव? ड्रायव्हर म्हणाला, कुंभार पिंपळगावला. लोक हसू लागले. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेली माणसं ती, हसणारच.

बोटीला मागं इंजिन होतं, ते बोट पुढं ढकलतं, हे सगळ्यांना कळलं. पण त्याच्या खाली, बुडाशी, हातभर लांबीची एक आडवी नळी बसवलेली होती आणि नळीत एक छोटासा पंखा. विकणाऱ्यानं त्याचं नाव स्टर्न थ्रस्टर असं सांगितलं होतं. ते नाव वडीगोद्रीपर्यंत टिकलं. नदीपर्यंत येईतो त्याचा आडवा पंखा झाला होता.

आधी वाटलं, हे श्रीमंताचं खूळ. मग थंडीतला वारा सुटला. बोट पडली हलकी. पायरीला लागायच्या वेळेस वारा तिचं ढुंगण फिरवायचा आणि ती खडकाकडे निघायची. अशा वेळी समोरची छोटी दांडी डावीकडे किंवा उजवीकडे दाबली, की तो आडवा पंखा घुर्रर्र करायचा आणि बोटीची मागची बाजू गुमान पायरीकडे यायची. गोठ्यात शिरताना अडलेल्या म्हशीला आपण मागून एक चापट मारतो, तशी ती चापट होती. कांचनताई ती दांडी अशा काही झोकात दाबायच्या की हुरड्याला आलेल्या बाया टाळ्या वाजवायच्या.

अडचण एकच होती. पंखा बाहेर पाण्यात, पण त्याची मोटर बोटीच्या आत, अगदी मागं, शेवटच्या बाकड्याखालच्या पेटीत. आणि पेटी म्हटली की आपल्या माणसाला राहवत नाही. घरात माळा आणि बोटीत मागची पेटी. तिथं फुगीर जॅकेटं कोंबली, दोरखंड कोंबले, दोन सतरंज्या आणि ताडपत्री कोंबली, वर पेट्रोलचा डबा ठेवून झाकण दाबून बसवलं. त्या सगळ्याच्या तळाशी मोटर होती, बॅटरीची जाडजूड वायर होती, आणि वीज तोडायचा लाल चावीचा मेन स्विच होता. बनवणाऱ्यानं तो दिला होता हो, अगदी व्यवस्थित दिला होता. आमचा हात तिथवर पोचत नव्हता, एवढंच.

*

आता रऊफबद्दल. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर. पुढे मी आयटीआयला गेलो, वायरमन झालो, तिथंच शिकवायला लागलो आणि आयुष्यभर शिकवत राहिलो. रऊफ पिंपळगावातल्या एका दुकानात मोटारी भरायला बसला आणि नंतर त्याचं स्वतःचं दुकान झालं. विहिरीवरची जळालेली मोटर लोक त्याच्याकडे आणतात. तो आतली काळी तार उपटून काढतो आणि नवी तांब्याची तार खाचाखाचांत बसवतो. त्याच्या दुकानात व्हार्निशचा गोड उग्र वास असतो, तो मला माझ्या घराच्या वासाइतका ओळखीचा आहे.

"तू शिकवतो, मी करतो," असं तो मला पस्तीस वर्षं म्हणत आला. खरंच होतं ते. तार भरताना तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, चहा मागवायचा, रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारायचा, आणि तेवढ्यात त्याची तर्जनी नि मधलं बोट वेढे मोजत असायची. तोंड गप्पा मारायचं, बोटं हिशेब ठेवायची. मी एकदा परीक्षा घ्यावी तशी त्याला मध्येच हटकलं, किती झाले? तर म्हणाला, "मला काय म्हाईत, ह्यांना विचार," आणि दोन बोटं नाचवून दाखवली. नेमकी तीच दोन.

मी वर्गात काय शिकवायचो तेही सांगतो, लाज वाटली तरी. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य: फ्यूज काढा, खिशात घाला, मग हात घाला. नुसता काढून बाजूला ठेवू नका, कारण बाजूला ठेवलेला फ्यूज दुसरा माणूस बसवतो. खिशातला बसवता येत नाही. हे मी इतक्यांदा म्हटलं की मुलं मला पाठीमागं फ्यूजसर म्हणायची. काही तर तोंडावर म्हणायची. मला राग आला नाही, उलट बरं वाटायचं.

पण शाळेत शिकवलेली भाषा वेगळी आणि गावात राहून अंगात भिनलेली वेगळी. आमच्याकडे विजेला वीज कुणी म्हणत नाही, लाइट म्हणतात. लाइट आली, लाइट गेली, लाइट हाय का. दिवसातून दहा वेळा हा शब्द तोंडात येतो, कारण ती दहा वेळा जाते. आणि ती गेली की काम सुरू होतं. विहिरीत उतरायचं, पाइप ढिला करायचा, मोटर वर ओढायची, सगळं लाइट न्हाई म्हटल्यावर. आमच्याकडे लाइट न्हाई ही तक्रार आहे तशीच ती परवानगीही आहे. कुणीतरी मोठ्यानं लाइट न्हाई म्हणतो आणि दुसरा माणूस बिनघोर हात घालतो. मी यावर वर्गात तासन्‌तास बोललो आहे. गेलेली लाइट परत येते, म्हणून फ्यूज काढा, असं घसा फोडून सांगितलं आहे.

आणि तरी, बोलणारा मीही त्याच गावचा.

*

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना, अवजारांना विश्रांती. विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा. कांचनताईंनी ठरवलं, यंदा बोटीलाही. पाणी चढायच्या आधी बोट ट्रॉलीवर घेऊन काठावर आणली होती. मी नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणजे कुठंही हौसेनं हजर. रऊफला मीच घेऊन गेलो. म्हटलं, पूजेआधी जरा पंखा बघून टाकू, त्याचा आवाज बदललाय.

समोरची दांडी दाबून मी पंखा क्षणभर फिरवून पाहिला. खरखरला. रऊफ बोटीमागं उकिडवा बसला, नळीत डोकावला आणि म्हणाला, "तंगूस गुंडाळलंय रे आत. जाळ्याचा."

बरोबर होतं. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्याच्या दांड्याला गच्च बसला होता. रऊफनं बाही वर सारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिगू, लाइट?"

मागची पेटी उघडायची, जॅकेटं काढायची, दोरखंड काढायचे, तळाशी हात घालून लाल चावी फिरवायची. पूजेचं ताट तयार होतं, कांचनताई हार घेऊन बोटीत चढल्या होत्या. मी खिशातून टेस्टर काढला, आयुष्यभराची सवय, आणि बाहेर दिसणाऱ्या वायरच्या नटाला टेकवला. टेस्टर पेटला नाही.

"लाइट न्हाई, घाल हात," मी म्हणालो.

बारा व्होल्टच्या बॅटरीवर आपला घरगुती टेस्टर पेटतच नाही. तो पेटायला घरातल्या लाइटीएवढा दाब लागतो. हे मी दर वर्षी, दर तुकडीला, फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं. पण त्या क्षणी शिकवणारा माणूस तिथं नव्हताच, विहिरीच्या कठड्यावर उभा राहून ओरडणारा गावचा माणूस तिथं होता. आणि खोलवर कुठंतरी असंही होतं की बारा व्होल्ट काय करतंय? शॉक थोडाच बसतो त्याचा! आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या भीती शॉकची. तो नसला की आम्ही निर्धास्त. फिरणाऱ्या पात्याला शॉकची गरज नसते, हे मळणीयंत्र रोज बघणाऱ्या आम्हाला त्या खेळण्याएवढ्या पंख्यापाशी आठवलं नाही.

कांचनताईंनी इंजिनाला हळद लावली, कुंकू लावलं. मग हार कशाला घालावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं. बोटीला बैलासारखी शिंगं नसतात. हार अडकवण्याजोगी एकच गोष्ट त्यांना दिसली, ती छोटी दांडी. त्यांनी भक्तिभावानं झेंडूचा भलाथोरला हार तिच्यावर चढवला. हाराच्या वजनानं दांडी कलली.

घुर्रर्र.

पुढचं सगळं तुटक आठवतं. रऊफ ओरडला नाही, नुसता 'या अल्ला' म्हणाला, तेही हळू. मी त्याच्या हाताला माझी दस्ती गुंडाळली, खांद्यावरचा तो पांढरा कपडा बघता बघता लाल झाला. कांचनताईंनी गाडी काढली. जालन्याला जाताना रस्त्यावर ठिकठिकाणी सोयाबीन वाळत घातलं होतं, गाडी त्यावरून चरचरत गेली. रऊफ मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसला होता. त्याच्या बाहीला झेंडूची पाकळी चिकटली होती, ती मला काढवेना. मध्येच तो म्हणाला, "दुकानाचं शटर उघडंच टाकून आल्तो रे." मी म्हणालो, मी बघतो. त्याच्याकडे बघायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी शटरचं बोललो.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली.

*

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला होता. पट्टी बांधलेला हात छातीशी. मला पाहून म्हणाला, "टेस्टर खराब निघाला वाटतं तुझा. बदलून टाक जल्दी."

आणि मी, फ्यूजसर, काय म्हणालो? "हो रे, खराबच निघाला."

त्या 'हो'चं मला बोटांहून जास्त लागलं, हे लिहिताना विचित्र वाटतं, कारण बोटं माझी नव्हती. पण चूक घाईत झाली होती आणि हे खोटं मी शांतपणे, खुर्चीवर बसून, संत्रं सोलत बोललो होतो. ते मला घरी झोपू देईना, जेवू देईना. बायको म्हणाली, जाऊन बोला एकदाचं. तरी दोन महिने घालवले. गाळप सुरू होऊन अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा एका दुपारी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. तो डाव्या हातानं तार भरायला शिकत होता. वेढे तोंडानं मोजत होता. मोठ्यानं. पहिलीतल्या मुलासारखं, एक, दोन, तीन. त्याला असं मोजताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"रऊफ, टेस्टर चांगला होता," मी म्हणालो.

तो थांबला नाही. "सतरा, अठरा... मला म्हाईत हाय. बारा होल्टला पेटतंय का कधी टेस्टर? एकोणीस, वीस."

"मंग तू दवाखान्यात तसं काहून बोलला?"

"तुझं तोंड बघवंना म्हणून." मग त्यानं तार दाताखाली धरून तोडली आणि चहा सांगितला. माफ केलं असंही तो म्हणाला नाही आणि केलं नाही असंही नाही. चहा नेहमीसारखा गोड होता.

कांचनताईंचंही तसंच. त्या कितीदा तरी म्हणाल्या, "मी नुस्ता हार घातला हो, सर." बोट विकून टाकायला निघाल्या होत्या. रऊफनंच अडवलं. म्हणाला, "ताई, मशीनचा काय गुन्हा? हात आपला, अक्कल आपली." आणि पुढच्या मोसमात स्वतःच येऊन त्यानं त्या बोटीचं सगळं हाती घेतलं. मी हजर असायचो, पाना दे म्हटलं की पाना द्यायचो.

आधी त्यानं पेटी रिकामी करायला लावली. जॅकेटं बाकड्याखालून निघून जाळीच्या पिशवीत गेली, दोरखंड खुंटीला. पेट्रोलचा डबा पाहून तो खवळलाच. "ताई, ही मोटर चालू झाली की कार्बनाजवळ ठिणगी उडती. तिच्या उशाला पेट्रोल ठिवून राह्यलात तुम्ही?" तेव्हापासून झाकण उघडून तासभर वारा लागू द्यायचा, नाकाला वास येत नाही अशी खात्री झाली की मगच पुढचं काम, असा नेम झाला. लाल चावीचा स्विच त्यानं तळातून काढून वर, पेटीच्या तोंडाशी बसवला, झाकण उघडताच हात पडेल असा. मग चावी फिरवून उपसून काढायची. मग फ्यूज. मग वायरचे नट घट्ट आहेत का, मोटरीत घासणारा कार्बन किती झिजला, आत ओल आली का. बाहेरून पाती, धागे, गाळ. शेवटी बोट पाण्यात सोडून पंखा थोडा थोडा फिरवून बघायचा, दम देत देत, कारण ती मोटर लवकर तापते.

पंख्याच्या टोकाशी धातूचा एक ओबडधोबड तुकडा असतो. कांचनताईंनी हौसेनं त्यालाही पिवळा रंग दिला होता. रऊफ तो खरवडत बसला. "ह्याला रंग लावायचा न्हाई. पाणी ह्याला खातं, म्हणून दांडा वाचतो. ह्याचं कामच झिजायचं." झिजून अर्धा झाला की नवा बसवायचा. तो खरवडत असताना मी त्याच्या उरलेल्या बोटांकडे बघत होतो. पुढे काय मनात आलं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

आणि एक नेम त्यानं कुणालाही न सांगता केला. नळीत हात घालायच्या आधी लाल चावी तो दातात धरायचा. मळकी लुंगी, बनियन, चिखलात आडवा पडलेला, खिसा कुठला असायला! चावी दातात, मग हात आत. तेवढा वेळ रऊफ गप्प. एरवी ज्याचं तोंड मोटारीपेक्षा जास्त चालतं तो माणूस त्या अर्ध्या तासात हूं की चूं करायचा नाही. कांचनताई हसायच्या, मीही हसायचो. पण मला ती चावी दिसायची. तो माझं वाक्य, खिशात घाला, माझ्यासमोर पाळत होता, आणि त्यात मला जागा नव्हती. तीन मोसम असेच गेले. मी कधी चावीसाठी हात पुढे केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? आणि त्या चार शब्दांतला एकही शब्द मी यंत्राजवळ पुन्हा उच्चारला नाही. घरातली वीज गेली तरी मी आता 'अंधार झाला' म्हणतो. बायकोला वाटतं, म्हातारपणी कवी झाला.

*

दुसऱ्या दिवशी रऊफला घेऊन गेलो. कांचनताईंनी बोट ट्रॉलीवर घेऊन ठेवली होती. उद्याच्या पूजेचा झेंडू रास करून पायरीवर ठेवलेला, त्यावर मधमाश्या. हार आता बोटीच्या नाकाला बांधतात, आणि एक सुटं फूल लाल चावीला वाहतात. ही त्यांनी स्वतः घातलेली रीत. पाणी पायरीच्या दुसऱ्या टप्प्याला टेकलं होतं. पलीकडच्या काठावर मळणीयंत्र धडधडत होतं.

रऊफनं झाकण उघडलं, आम्ही वारा लागू दिला. गप्पा झाल्या, नातवाच्या, गुडघ्याच्या. या उन्हाळ्यात त्यानं वरचे दात काढून कवळी बसवली, त्यावरून मी त्याला चिडवून घेतलं. "नव्या नवऱ्यासारखा दिसतोस."

"दिसतो, पण सुपारी फुटत न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं चावी फिरवली, उपसली, फ्यूज काढला आणि बोटीमागं येऊन बसला. नळीत पाहिलं. यंदाही तंगूस होतंच, वर जलपर्णीच्या मुळ्या. सवयीनं त्यानं चावी दातात धरली आणि आडवा व्हायला लागला. कवळी सटकली. चावी चिखलात पडली.

कांचनताई खळखळून हसल्या. रऊफनं चावी उचलली, लुंगीला पुसली, पुन्हा दातात धरली. पुन्हा तेच. आता तो स्वतःही हसला, एका हातानं कवळी सावरत. चावी मुठीत धरावी तर उजव्या हाताला पकड नाही, धागा सोडवायला दोन्ही हात लागतात. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कांचनताईंनी चटकन हात पुढे केला. "आणा भाई, मी धरते."

मी हात पुढे केला नाही. माझे दोन्ही हात पाठीमागं होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

रऊफनं नदीकडे पाहिलं. मग त्यानं तीन बोटांच्या हातानं चावी माझ्याकडे केली.

"धर. खिशात घाल."

मी घेतली. तिला चिखल होता, त्याच्या तोंडाची ओल होती, गेल्या पूजेच्या हळदीचं बोट होतं. सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून तळहात दाबून धरला, जणू ती उडून जाणार होती. साठी उलटलेला माणूस मी, डोळे भरून आले आणि लपवायला दस्ती शोधू लागलो.

रऊफ चिखलात आडवा झाला. बोटीखालून फक्त त्याचे पाय दिसत होते. मळणीयंत्र थांबलं, सगळीकडे एकदम शांत झालं. या वेळी त्याचं तोंड मोकळं होतं, त्यामुळे गप्प राहणं त्याला शक्यच नव्हतं.

"दिगू."

"काय रे?"

"बोल ना."

"काय बोलू?"

"ते तुझं. हाय का न्हाई?"

मला कळलं. चार वर्षं गिळलेले शब्द बाहेर काढायला जोर लागला. मी खिशावरचा हात आणखी दाबला आणि म्हणालो, "लाइट न्हाई, रऊफ. घाल हात."

बोटीखालून त्याचं हसणं ऐकू आलं.

"केव्हाचाच घातलाय."